खाऱ्या पाण्यावरचा सातू

नेदरलँड्स,
दि. १६ फेब्रुवारी २०२५

ती. बाबांस,
गीतांजलीचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

मी सुखरूप पोचले हे रूपेशने सांगितलंच असेल. व्हिडिओ कॉलवर तुम्ही नुसते माझ्या तोंडाकडे बघून मान हलवत होता, तेव्हाच मला कळलं की एक अक्षर ऐकू गेलेलं नाही. म्हणून निघताना आपलं ठरलं तसं पत्रच बरं. मी कागदावर लिहून फोटो पाठवते, जाई तुम्हाला प्रिंट काढून देईल. तुमच्या पत्राचा फोटोही तिनेच काढायचा. सासरे-सुनेतलं सगळं ती वाचणार, याला इलाज नाही. जाई, हे वाचून झालं असेल तर भूमितीचं पुस्तक उघड.

खोली लहान आहे पण उजेड भरपूर. खिडकीखालून कालवा जातो. इथे सगळे सायकलवर. प्राध्यापक सायकलवर, आजीबाई सायकलवर, पोटुशी बाईसुद्धा सायकलवर. मी लग्नाआधी चालवली होती त्यानंतर आत्ताच. काल एकदा पडले. लागलं नाही, पण आपली ऐरोली असती तर निदान चार माणसं धावून आली असती. इथे एकाने लांबूनच अंगठा दाखवून बरी आहेस ना विचारलं आणि गेला.

वर्गातली गंमत सांगते. पहिल्या दिवशी आत शिरले तर दोन मुली उठून माझ्याकडे आल्या आणि असाइनमेंट कधीपर्यंत द्यायची असं विचारू लागल्या. त्यांना वाटलं मी शिकवायला आले! मी म्हटलं, बायांनो, मीही विद्यार्थीच आहे, महाराष्ट्रातल्या कृषी महाविद्यालयातून एका सत्रासाठी आले आहे. त्यातली एक खो खो हसली आणि माझ्याच शेजारी बसली. फेम्का तिचं नाव. तेवीस वर्षांची आहे. प्रकल्पात मला तीच जोडीदार मिळाली आहे. आमच्या होक्स्ट्रा बाई उंच, मितभाषी, पण एकदा समजावलं की डोक्यात पक्कं बसतं.

काम असं आहे. या देशाची बरीच जमीन समुद्रापेक्षा खाली. बांध घालून समुद्र अडवलाय, तरी जमिनीखालून खारं पाणी वर येतंच, आपल्या खाडीकाठासारखं. इथल्या दलदलीतल्या एका वनस्पतीच्या मुळांवर एक जिवाणू सापडलाय. तो सातूच्या मुळांना लावला तर सातू खाऱ्या पाण्यावर जगेल का, हे आम्ही दोघींनी बघायचं. तुम्हाला उन्हाळ्यात पीठ लागतं तोच सातू.

बाबा, चाळिशी उलटलेली बाई मुलीची दहावी सोडून परदेशी शेती शिकायला गेली, यावर सोसायटीत काय काय बोललं जात असेल याची मला कल्पना आहे. रबाळ्याची आमची लॅब बंद पडली आणि मी घरी बसले, तेव्हा राहिलेलं शिक्षण पुरं कर असं तुम्हीच म्हणालात. माझ्यासकट कुणाच्याच ते मनात आलं नव्हतं. तेव्हा आता जे होईल त्यात निम्मा वाटा तुमचा.

गुडघ्याला तेल लावत जा. लोभ आहेच, तो समुद्रापार पातळ होऊ देऊ नये.

आपली आज्ञाधारक,
गीतांजली


ऐरोली,
दि. २ मार्च २०२५

चि. सौ. गीतांजलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र वाचून समाधान झाले. सायकल हळू चालवावी. अंगठा दाखवणाऱ्या देशात हाड मोडून घेऊ नये.

जाईचे पहिले पेपर चांगले गेले असे ती म्हणते. मला तिच्या म्हणण्यापेक्षा तिच्या जेवणावरून अंदाज येतो, आणि जेवण व्यवस्थित चालू आहे. रूपेशने गेल्या रविवारी वालाचे बिरडे केले. वालांना मोड छान आणले, पण सोलायचा कंटाळा केला आणि निम्मे वाल सालीसकट शिजवले. आम्ही दोघांनी काही न बोलता खाल्ले. तूही फोनवर विषय काढू नकोस, पोरगा मनापासून करतो आहे.

सोसायटीचे म्हणशील तर तुझा अंदाज बरोबर आहे. बी विंगच्या सबनीसबाईंनी लिफ्टमध्ये मला विचारले की शेती शिकायला परदेशी कशाला, आपल्याकडे शेती नाही का? मी म्हटले, आहे ना, तिच्याचसाठी गेली आहे. मग म्हणाल्या, पण बोर्डाच्या परीक्षेला आई घरात हवी. मी म्हटले, पेपर जाई लिहिणार आहे, तिची आई नाही. चौथा मजला आला आणि त्या पाचव्याऐवजी तिथेच उतरल्या.

विरंगुळा केंद्रातला माझा मित्र हिरामण म्हात्रे तुला आठवत असेल, दिवा गावचा. त्यांची खाडीलगत भातशेती होती, ती नवी वसाहत होताना गेली. त्याला तुझे काम समजावून सांगितले. तो म्हणाला, सातू काय तो मना ठाव नाय, पन सून शिकते हाय, बेस हाय. त्यानंतर रोज मला विचारतो, उगवला का सातू?

तू निम्मा वाटा मला दिलास. मी तो घेणार नाही. मी फक्त बोललो होतो. चाळीस वर्षे पंपांच्या कारखान्यात काढली, पण आपल्या घरातले कोणी प्रयोगशाळेत उभे राहून नवे काही शोधेल असे कधी वाटले नव्हते. तू उभी आहेस. मला आता सकाळी फिरायला जाताना पाठ ताठ ठेवावीशी वाटते.

असाच जिव्हाळा राहू दे, आणि गरम कपडे घाल.

शुभचिंतक,
बाबा


नेदरलँड्स,
दि. ६ एप्रिल २०२५

ती. बाबांस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

हिरामणकाकांना सांगा, उगवला! नुसता उगवला नाही, खाऱ्या पाण्यावर डोलतोय.

नीट सांगते. एका बंद खोलीत दिव्यांखाली आमच्या रोपांचे ट्रे आहेत. निम्म्या ट्रेंना जिवाणू लावला, निम्म्यांना नाही. जिवाणू एकीकडून दुसरीकडे उडू नये म्हणून लावलेले ट्रे एका मांडणीवर, न लावलेले समोरच्या मांडणीवर. पाणी दोघांनाही तेच, खारं. जिवाणू नसलेल्या रोपांची पाती टोकाकडून करपत गेली. आणि जिवाणूवाली रोपं? हिरवीगार. फेम्का तर तिथल्या तिथे नाचली आणि मला पण ओढलं. त्रेचाळिसाव्या वर्षी पांढरा कोट घालून मी नाचले, हे फक्त तुम्हाला सांगते आहे. (जाई, तू वाचलंच नाहीस.)

होक्स्ट्रा बाईंनी एकेक ट्रे बघितला. मग म्हणाल्या, जूनच्या शेवटी सगळ्या विभागाची सभा असते, तिथे तुम्ही दोघींनी हे मांडायचं. आणि जाता जाता मला म्हणाल्या की एम.एस्सी. झाल्यावर पुढच्या संशोधनासाठी इथे एक जागा निघेल, तुमचा विचार करायला आवडेल. मी नुसतं हो म्हटलं. खोलीवर आले आणि मग मला रडू आलं. रूपेशला फोन केला तर तोही रडला. असे आम्ही दोघं.

बाबा, आपल्या उरणपासून पनवेलपर्यंतच्या खारजमिनी डोळ्यांसमोर येतात. तिथे या जिवाणूचा उपयोग झाला तर? पण हे फार पुढचं झालं. आत्ता रोपं मोजणं, वजन करणं चालू आहे.

जाईचे पेपर संपले, तिला थोडं झोपू द्या. आपण काळजी घ्यावी, आणि आम्हां लांबच्यांवर माया कमी करू नये.

आपली आज्ञाधारक,
गीतांजली


ऐरोली,
दि. २० एप्रिल २०२५

चि. सौ. गीतांजलीस,
भरभरून आशीर्वाद.

तुझे पत्र मी केंद्रात मोठ्याने वाचून दाखवले. नाचलीस तो भाग गाळला. पत्र संपले तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते. हिरामणने कोणाला तरी पाठवून सगळ्यांना चहा आणि बटाटेवडे मागवले.

आता तुला न विचारता एक गोष्ट केली आहे, रागावू नये. सोसायटीच्या गेटवर बॅनर लावला आहे. तुझा पांढऱ्या कोटातला फोटो जाईने दिला. खाली लिहिले आहे, 'खाऱ्या पाण्यावर पीक! आपल्या सौ. गीतांजली रूपेश मोहिले यांचे युरोपात यशस्वी संशोधन. हार्दिक अभिनंदन.' इथे कोणाचा वाढदिवस असला तरी बॅनर लागतात, मग याला का नको? सबनीसबाईंनी गेटवर थांबून तो पूर्ण वाचला. मी खिडकीतून पाहिले.

शिवाय केंद्राचा वर्धापनदिन ८ जूनला आहे. त्यात तुझा सत्कार ठरला आहे. तू नसशील म्हणून शाल-श्रीफळ मी घ्यायचे. नगरसेवक येणार, स्थानिक वृत्तपत्राचा माणूस येणार. मला चार शब्द बोलायचे आहेत. मी आत्तापासून लिहून काढतो आहे आणि खोडतो आहे.

तुझी सासू असती तर तिने आज दारात रांगोळी काढली असती.

तुझे सदैव भले होवो, आमची आठवण असू दे.

शुभचिंतक,
बाबा


नेदरलँड्स,
दि. १८ मे २०२५

ती. बाबांस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

जाईचा निकाल ऐकून मी प्रयोगशाळेतच ओरडले. तिला मनासारखे मार्क मिळाले, त्यात तुमच्या पहाटेच्या चहाचा हात आहे हे ती स्वतः म्हणाली.

आता जे लिहायचं आहे ते दोन दिवस लिहू शकले नाही.

मला जवळचं दिसायला चष्मा लागतो. फेम्काला लागत नाही. महिन्यापूर्वी आमच्या हिरव्या रोपांवर वाकून पाती मोजत होते, तर चष्म्यावर धुकं आलं. पुसलं, परत आलं. समोरच्या मांडणीशी गेले, करपलेल्या रोपांवर वाकले, तर काच स्वच्छ. पुन्हा इकडे आले, पुन्हा धुकं. मी तिथेच थबकले.

त्या खोलीत हवेत ओलावा सोडणारं यंत्र आहे. त्याची नळी आमच्या हिरव्या ट्रेंच्या मागे, भिंतीकडे, सांध्यात चिरली होती. सगळा ओलावा त्याच मांडणीवर पडत होता. खोलीच्या मधोमध टांगलेला मापक मात्र सगळं ठीक दाखवत होता. बाबा, हवा ओली असली की रोपाच्या पानांतून पाणी कमी उडतं, म्हणून रोप मुळांतून पाणीही कमी ओढतं, आणि त्यासोबत मीठही कमी जातं. म्हणजे आमची रोपं जिवाणूमुळे जगली, की नुसती ओल्या हवेत उभी होती म्हणून?

मी कुणाला न बोलता नव्या रोपांचे काही ट्रे उलट बाजूंना ठेवले. जिवाणूवाले कोरड्या बाजूला, साधे ओल्या बाजूला. आता उत्तर समोर आहे. जिवाणूवाली रोपं करपली. साधी हिरवी राहिली. बाबा, तो जिवाणू काहीच करत नव्हता.

फेम्काला सांगितलं तेव्हा ती खाली बसली. तिचा प्रबंध यावरच उभा आहे, आणि पदवी मिळाली की एका बियाणे कंपनीत नोकरी ठरलेली आहे. ती म्हणाली, आपल्याला माहीत नव्हतं, म्हणजे आपण खोटं बोललो नाही. सभा होऊन जाऊ दे, मग हळूच सांगू. ती वाईट मुलगी नाही. पडले होते तेव्हा माझी सायकल तिनेच नीट करून दिली. मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

होक्स्ट्रा बाई पुढच्या सोमवारी गावाहून येतील. मला त्यांना सांगावंसं वाटतं. मग ती पुढची जागा गेली, सभा गेली, फेम्काचं वर्ष धोक्यात. आणि तिकडे गेटवर बॅनर आहे. तुम्ही मला इथे पाठवलंत, म्हणून आधी तुम्हाला लिहिते आहे.

आपण काय म्हणता ते कळवावे. मायेचा हात डोक्यावर असू द्यावा.

आपली आज्ञाधारक,
गीतांजली


ऐरोली,
दि. २१ मे २०२५

चि. सौ. गीतांजलीस,
आशीर्वाद.

पत्र वाचले. जाईला आज पुन्हा पुन्हा काही विचारू नको असे सांगून ठेवले आहे.

माझे मत स्पष्ट लिहितो. तू काही चोरी केलेली नाहीस. नळी फुटली, त्यात तुझा काय दोष? फेम्का लहान असली तरी शहाणे बोलते आहे. सभा होऊ दे. तू परत ये. मग शांतपणे त्या बाईंना ईमेल कर की पुन्हा एकदा तपासून पाहावे. महिनाभर थांबलीस तर आकाश कोसळणार नाही. आत्ता बोललीस तर तुझी जागा जाईल, त्या मुलीची नोकरी जाईल, आणि इथे सत्काराला अडीच आठवडे उरले असताना मी लोकांना काय सांगू? ज्यांनी हसायचे थांबवले आहे ते पुन्हा हसतील. तुला नाही, मला. मी या वयात ते सोसू शकणार नाही.

दोन वर्षे तू कॉलेज, घर, प्रवास सगळे एकटीने ओढलेस. एका चिरलेल्या नळीपायी ते सोडून देऊ नकोस. मी आजवर तुला कधी आज्ञा केली नाही. ही आज्ञा समज.

बाबा


नेदरलँड्स,
दि. २७ मे २०२५

ती. बाबांस,
शि. सा. नमस्कार.

तुमचं पत्र यायच्या आधीच माझं ठरलं होतं, असं लिहिलं तर ते खोटं होईल. पत्र आलं, मी दोनदा वाचलं, आणि त्यानंतर काल होक्स्ट्रा बाईंच्या खोलीत गेले.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याबरोबर त्या खोलीत आल्या, स्वतःचा चष्मा घालून मांडणीवर वाकल्या. काच धुरकट झाली. चष्मा काढून हातात धरून उभ्या राहिल्या. एवढंच म्हणाल्या की खोली आजपासून बंद, आणि सभेत काय मांडायचं ते तुम्ही ठरवा, वेळ तुमच्याच नावावर आहे. पुढच्या जागेबद्दल त्या बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही.

फेम्का माझ्याशी बोलत नाही. आज कँटीनमध्ये मला बघून दुसऱ्या टेबलावर बसली.

बाबा, तुमचा शब्द मी पहिल्यांदाच मोडला. रबाळ्याच्या लॅबमध्ये अठरा वर्षं लोकांच्या मसाल्यात काय आहे ते तपासून सही करत होते. माझ्या स्वतःच्या रोपांखाली खोटी सही मला करता येईना. यापेक्षा जास्त काही सांगता येत नाही.

सत्कार रद्द करा. मीच नको म्हटलं असं सांगा. रागावला असाल तर ते बरोबरच आहे. तरी उत्तर पाठवा.

आपली,
गीतांजली


ऐरोली,
९ जून

प्रिय आई,
शि. सा. न. (आजोबा म्हणाले आधी हे लिही.)

तुला टेन्शन आलं असणार, आजोबांचं पत्र नाही म्हणून. मी फोनवर काही सांगितलं नाही कारण मला त्यांनी सांगायचं नाही अशी शपथ घातली होती. आता ते स्वतः म्हणाले, तू लिही, मला जमणार नाही. सो मी लिहिते. पप्पांवर विसंबून राहू नकोस, ते काल अर्धा वेळ रडत होते, त्यांना काही आठवत नसेल.

तुझं पत्र मी प्रिंट काढून दिलं तर आजोबांनी वाचलं, घडी घातली आणि शर्टच्या खिशात ठेवलं. मग आठवडाभर घरात नुसता सन्नाटा. फिरायला गेले नाहीत, केंद्रात गेले नाहीत. हिरामणआजोबा घरी आले तर झोपलोय म्हणून सांग म्हणाले. पप्पा गेटवरचा बॅनर काढायला निघाले तर नको म्हणाले. सत्कार कॅन्सल करतो म्हणाले पप्पा, तर त्यालाही नको. मला वाटलं आता हे तसंच जाऊन शाल घेऊन येणार. खरं सांगू, मला त्यांचा जाम राग आला होता.

मग शुक्रवारी मला बोलावलं आणि म्हणाले, पान पाणी कसं पितं ते मला नीट समजाव. मी दहावीचं पुस्तक काढलं. एक तास, आई! हवा ओली असली की काय, कोरडी असली की काय, मीठ कुठून जातं, सगळं विचारलं. कागदावर चित्र काढून घेतलं. शेवटी म्हणाले, म्हणजे हे कुणालाच कळलं नसतं. मी म्हटलं, नसतंच कळलं.

काल केंद्र खचाखच भरलं होतं. नगरसेवक आले, भाषणं झाली. तुझं नाव पुकारलं, टाळ्या. आजोबा वर गेले. टेबलावर शाल, नारळ. त्यांनी शाल घेतलीच नाही, सरळ माईक घेतला. मी व्हिडिओ काढला पण सारखं कुणाचं तरी डोकं मध्ये येत होतं म्हणून नीट आला नाही. पण लक्षात आहे सगळं.

म्हणाले, बॅनरवर लिहिलंय ते चूक आहे. खाऱ्या पाण्यावर पीक आलेलं नाही. मग अगदी सावकाश, नळी, ओली हवा, चष्म्यावरचं धुकं, सगळं सांगितलं. माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं. म्हणाले, हे जगात एकट्या माझ्या सुनेला कळलं होतं. गप्प बसली असती तर तिला तिथे मोठी जागा मिळाली असती आणि मला इथे शाल. मी तिला गप्प बस म्हणून लिहिलं. तशी आज्ञाच केली. ती माझं कधी मोडत नाही. परक्या देशात, एकटी, स्वतःचं नुकसान होणार हे माहीत असताना तिने ते मोडलं आणि खरं सांगून आली. सत्कार पिकासाठी ठरला होता. पीक नाही. तिने जे केलं त्यासाठी करायचा असेल तर मी थांबतो, नाहीतर घरी जातो.

आई, नगरसेवक आयोजकांकडे बघतायत, आयोजक नगरसेवकांकडे. आणि तिसऱ्या रांगेतून हिरामणआजोबा उठून एवढ्या जोरात ओरडले, आरं मंग घाला की शाल, वाट कोनाची बघताव!

मग जे झालं ते तू व्हिडिओत ऐक, टाळ्यांचा आवाज तरी नीट आलाय. सबनीसकाकू उभ्या राहून वाजवत होत्या, आय स्वेअर.

मला अकरावीला सायन्सच घ्यायचंय. हे तुझ्यामुळे नाही. बरं, थोडं तुझ्यामुळे.

लवकर ये, आणि येताना चॉकलेटं विसरलीस तर प्रेमात कपात होईल.

तुझी,
जाई


नेदरलँड्स,
दि. २९ जून २०२५

ती. बाबांस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

जाईचं पत्र मी कालव्याकाठी बाकावर बसून वाचलं. एका म्हाताऱ्या बाईने सायकल थांबवून मला पाण्याची बाटली दिली, एवढी मी रडत होते. त्यानंतर सभा व्हायची होती, म्हणून थांबले. आता सगळं एकदम लिहिते.

सभेच्या दिवशी सकाळी फेम्का माझ्या दारात आली. महिनाभर बोलली नव्हती. हातात लॅपटॉप. म्हणाली, पहिला भाग तू सांग, नळीचा भाग मी सांगते, मला तो चित्रांसकट मांडायचाय. माफी वगैरे तिने मागितली नाही, मलाही नको होती. आम्ही पायऱ्यांवर बसून सगळं पुन्हा लावलं.

सभागृह भरलेलं. आधी मी उभी राहिले. पहिलंच वाक्य मी असं म्हटलं की आम्हांला एप्रिलमध्ये फार छान निकाल मिळाला आणि तो चुकीचा होता. थोडे लोक हसले. मग कुणी हसलं नाही. फेम्काने उलट बाजूंना ठेवलेले ट्रे पडद्यावर दाखवले, तेव्हा मागच्या रांगेतून एक वयस्कर संशोधक उठले आणि विचारलं, कोणती मांडणी, भिंतीकडची का? मी हो म्हटलं. ते हळूच खाली बसले. त्यांचं तीन वर्षांचं काम त्याच खोलीतलं होतं. सभा संपल्यावर ते आमच्याकडे आले. मला भीती वाटली. त्यांनी आम्हां दोघींचे हात हातात घेतले आणि म्हणाले की पुढच्या महिन्यात ते सगळं छापून जाणार होतं. तुम्ही मला वाचवलंत.

होक्स्ट्रा बाई फार बोलत नाहीत हे तुम्हाला माहीत आहे. त्या दिवशी सगळ्यांसमोर बोलल्या. म्हणाल्या, आमच्यातल्या अर्ध्या लोकांना चष्मा आहे. इतके दिवस आम्ही सगळे त्या खोलीत काच पुसून पुढे जात होतो. या बाई थांबल्या.

बाबा, मी तिथे उभी होते आणि मला तुम्ही दिसत होता, केंद्रात माईक धरून.

आता व्यवहाराचं. ती पुढची जागा या प्रकल्पावर अवलंबून होती, आणि प्रकल्प थांबलाय. बाईंनी सरळ सांगितलं की आत्ता काही देता येत नाही, खोटी आशा लावणार नाही. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. फेम्काने या महिन्याभरात प्रबंध त्या खोलीवरच नव्याने लिहिला आणि पास झाली. नोकरी टिकली. त्या खोलीतल्या चुकीबद्दलचा एक छोटा लेख आम्ही दोघी मिळून लिहितो आहोत. त्यावर मोहिले हे नाव पहिलं असेल, असं फेम्काच म्हणाली.

बारा जुलैला सकाळी पोचते. रूपेशला म्हणावं, बिरड्याचे वाल मी सोलेन.

आपला राग गेला, आता माया तेवढीच राहू द्यावी.

आपली,
गीतांजली


ऐरोली,
दि. ५ जुलै २०२५

चि. सौ. गीतांजलीस,
अनेकानेक आशीर्वाद.

तुझे पत्र मी आधी एकट्याने वाचले, मग रूपेश आणि जाईला बसवून वाचून दाखवले. त्या वयस्कर गृहस्थांनी हात हातात घेतले, तिथे मला थांबावे लागले. पुढचे जाईने वाचले.

मे महिन्यात मी तुला जे पत्र लिहिले, ते जपून ठेवू नकोस. जाईकडे फोटो असेल तर तोही काढून टाकायला सांगतो. ते माझ्या भीतीने लिहिले होते. तुझ्याविषयी मला कधीच भीती नव्हती, हे आता कळते आहे.

बॅनर उतरवला. त्याच्या काठ्या हिरामणने अंगणातल्या मिरच्यांना आधार म्हणून नेल्या. नव्या बॅनरवर काय लिहायचे असे सोसायटीवाले विचारत होते. मी म्हटले, नको, हे बॅनरवर मावणार नाही. मग त्यांनीच मला गेटवर उभे करून पुन्हा सगळे ऐकले, आणि सबनीसबाईंनी दोनदा मध्ये थांबवून ओल्या हवेचे नीट समजावून घेतले.

काल केंद्रात हिरामणने विचारले की सून आता पुढे काय करणार, परत जाणार का, की कुठे कॉलेजात शिकवणार. सगळे माझ्याकडे बघू लागले. पूर्वी असते तर मी तिथल्या तिथे तुझी पुढची दहा वर्षे आखून दिली असती. मी म्हटले, मला माहीत नाही. ते तिचे ती ठरवेल. एवढे बोललो आणि मला इतके मोठे झाल्यासारखे वाटले की दुपारचा चहा मी सगळ्यांना पाजला.

विमानतळावर आम्ही तिघेही येत आहोत. पाऊस असला तरी येणार. तू सुखरूप ये, बाकी आपले प्रेम आहेच, ते लिहून कशाला मागायचे.

तुझा,
बाबा